दाबून फिरवायचं टोपण

१२ ऑक्टोबर १९७४
सगळ्या बाटल्या परत! टाकव्याच्या केरबाने टेम्पोत घालून लोणावळ्याला आमच्या शेडवर पाठवून दिल्या. त्या गावात आमचं फिनेल ठेवणारा तो एकटाच दुकानदार. ड्रायव्हरजवळ निरोप – ‘तुमची बाटली आता गावात चालायची न्हाई. बायका दुकानात येऊन भांडत्यात.’

कारणही ड्रायव्हरनेच सांगितलं. मुक्ताबाईचा भिमा, तीन वर्षांचं पोर, आमच्या बाटलीतलं प्यायला. तळेगावला दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचला! पण प्यायला ते फिनेल नव्हतंच – रॉकेल होतं! फिनेल संपलं की बाटली धुवायची, तिच्यात रॉकेल भरायचं आणि तोंडाला चिंधीचा बोळा. सगळ्या मावळात हेच. चांगली काचेची बाटली कोण फेकून देतो? लेबल मात्र आमचं. म्हणजे खापर आमच्यावर.

१३ ऑक्टोबर
टाकव्याला जाऊन आले. मुक्ताबाईने बस म्हटलं नाही. दारातच उभी. ‘ताई, तुमी चांगल्या घरच्या. पर ती बाटली माज्या उंबऱ्याच्या आत येनार न्हाई.’ मी समजावणार होते – रॉकेल तुम्हीच भरलंत, आमचा काय दोष! तेवढ्यात आतून भिमा खोकला. तो घोगरा आवाज ऐकला आणि आल्या पावली फिरले.

येताना हे म्हणाले, ‘सोड टाकवे. एक गाव गेलं तर काय बिघडलं?’ वा! आज रॉकेल होतं, उद्या खरंच फिनेल असेल. मुलाला उघडताच येणार नाही असं टोपण मी करणार. आणि आमची बाटली मुक्ताबाई स्वतःच्या हाताने घरात नेईल तेव्हाच गप्प बसणार. इथे लिहून ठेवते, म्हणजे माघार नाही.

२७ ऑक्टोबर
ह्यांना त्यांच्या बाटल्या भरायच्या नव्या मशीनपलीकडे काही दिसत नाही. बारा तोट्या, खाली बारा बाटल्यांचा ट्रे, दांडा ओढला की सगळ्या एकदम भरायच्या. भरतात कुठल्या! नुसता फेस. फेस बसला की बाटली अर्धी रिकामी. वर तोट्या गळतात – बाटलीचा गळा ओला आणि निसरडा. अशा गळ्यावर कसलंच टोपण धरणार नाही.

हिरी, वरच्या वाडीतली, इतकी वर्षं नरसाळं धरून बाटल्या भरतेय. मशीनकडे बघून म्हणते कशी, ‘बाई, ह्ये तर माज्यापेक्षा लय सांडतंय.’ हे चिडले. मी तोंडाला पदर लावला.

१४ नोव्हेंबर
सापडलं!! पाडव्याचं जेवण सुरू असताना बल्ब गेला. हे स्टुलावर चढले, जुना बल्ब दाबला, फिरवला, काढला. नवा घातला, दाबला, फिरवला – बसला. मी वाढायचं सोडून बघतच राहिले. दाबल्याशिवाय फिरत नाही, फिरवल्याशिवाय सुटत नाही! बाटलीच्या गळ्याला काचेचेच दोन कान, टोपणाला दोन खाचा, आत रबराची चकती – ती टोपण वर ढकलून घट्ट धरेल. श्रीखंड पानात तसंच. ‘अहो, बाटलीला होल्डर करायचा!’ म्हटलं. ह्यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

२ डिसेंबर
तळेगावच्या काचकारखान्यात खेटे. शेवटी कानांचा साचा करतो म्हणाले. टोपणं पिंपरीहून.

१५ डिसेंबर
फजिती. अशी फजिती की लिहायलाही लाज वाटते.

बाटल्यांत रंगीत पाणी भरलं. शेजारच्या बंगल्यात मुंबईची मंडळी उतरली आहेत, त्यांच्या मुलांपुढे ठेवल्या. सर्वांत धाकट्या मुलीने बाटली उचलली, दाबली, फिरवली – टोपण हातात! आईला म्हणते, ‘बल्बसारखं आहे!’ बाकीच्यांनीही धडाधड उघडल्या.

मग हिरीकडे दिली. ओढून बघितलं, पिळून बघितलं, साडीच्या काठात धरून बघितलं. उघडेना. तिने वाडीतून पुतळाबाईला बोलावलं, आणखी दोघी आल्या. कुणालाच नाही! ‘बाई, ह्ये चिकटवलंय का?’

वाडीत वीज नाही. बल्ब काढायची वेळ ह्या बायांवर कधी आलीच नाही, तर हाताला ती सवय कुठून असणार? म्हणजे मी काय केलं – घरातल्या बाया बाहेर ठेवल्या आणि मुलांना आत घेतलं! वीज आहे तिथे मुलं उघडणार, नाही तिथे आयांनाच उघडता येणार नाही. आणि आईला उघडत नसलं की ती काय करणार? टोपण फेकणार आणि बोळा कोंबणार.

हे उठून मशीनकडे गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

१६ डिसेंबर
टोपणं सगळी पोत्यात भरून माळ्यावर टाकली.

१९ डिसेंबर
राग अजून गेला नव्हता. तशीच भाकऱ्या थापायला बसले आणि पिठावरच सगळा काढत होते. हे दारातून म्हणाले, ‘परात फुटेल.’ मी मान वर केली, हात मात्र चालूच. दाब, फिरव. दाब, फिरव. तळव्याने दाबत दाबत भाकरी आपोआप गोल फिरते. हाताकडे लक्ष गेलं आणि मी जागच्या जागी थांबले.

अगं बाई! हेच तर! बल्ब बोटांनी काढतात, म्हणून लहान मुलालाही जमतं. भाकरी तळव्याने होते. तळवा मोठा हवा, वर अंगाचा भार हवा. तीन वर्षांच्या पोराला कुठला तळवा आणि कुठला भार? आणि मावळातल्या कुठल्या बाईला हे शिकवायला हवं?

टोपण पुरीएवढं रुंद आणि चपटं. रबर जाड. धरायला कड नकोच, बोटांनी पकडताच येऊ नये. पिठाच्या हातानेच कागदावर काढलं. भाकरी करपली. ह्यांनी तशीच खाल्ली, वर म्हणाले, ‘झकास!’ भाकरीला की टोपणाला, विचारलं नाही.

८ जानेवारी १९७५
आज ह्यांचा दिवस! तोट्यांना लांब नळ्या लावल्या, पार बाटलीच्या तळापर्यंत. फिनेल खालून वर चढतं, नळी त्याच्याबरोबर वर येते. फेस नाही! मशीनवरच्या निवृत्तीने दांडा ओढला आणि बारा बाटल्या एका रेषेत भरल्या. गळे कोरडे ठणठणीत. हे लहान मुलासारखे ट्रेभोवती फिरत होते. मी कौतुक केलं. मनापासून केलं. नंतर म्हटलं, तळापासून भरायचं एवढं कळायला तीन महिने? तर म्हणतात, ‘भाकरी आणि टोपण, हे तुला कळायला किती लागले?’ बरोबरी झाली.

हिरी आता नवी रुंद टोपणं बसवते. ‘आरं, ही तर भाकरच!’ पहिल्या झटक्यात. पुतळाबाईही. दोघींनी हसून शेड डोक्यावर घेतली.

१९ जानेवारी
टाकवे! देवळाच्या पटांगणात सतरंजी टाकली, वर बाटल्या, आत साखरेचं लाल पाणी. गावातली सगळी लहान पोरं सोडली त्यांच्यावर. काय जोर लावला एकेकाने! पिळलं, आपटलं, दोघांनी मिळून ओढलं. एक तर बाटलीवरच बसला! एक तरी उघडली तर पुन्हा ह्या गावात पाय ठेवायची सोय नव्हती.

एकही नाही. एकसुद्धा नाही!! शेवटी पोरं रडायला लागली, पाणी गोड आहे हे त्यांना मीच सांगितलं होतं.

मग मुक्ताबाई उठली. लांब खांबाशी बसली होती. आली, बाटली बघितली, तळवा ठेवला. मी काहीच सांगितलं नव्हतं. टक्! उघडली. माझ्याकडे बघून हसली – पहिल्यांदा. सगळ्या पोरांना एकेक घोट दिला. मला वाटलं आता नेते घरी. तर पदराला हात पुसत म्हणते, ‘बघू.’

बघू! अजून काय बघायचं राहिलं?

२ फेब्रुवारी
केरबाचा निरोप. मुक्ताबाईने बाटली नेली. आपल्या हाताने, काखेत मारून!

जिंकले! शेडमध्ये सगळ्यांना चिक्की वाटली. हिरीला मिठीच मारली, ती बिचारी लाजली. रात्री हे म्हणाले, ‘आता तरी गप्प बसशील?’ नाही बसणार! का बसू?

२१ फेब्रुवारी
टाकव्याहून पुन्हा मागणी. लोणावळ्याच्या बंगल्यांना लागत नाही एवढं फिनेल एकट्या टाकव्याला! शेजारच्या वाड्यांतूनही विचारणा. निवृत्ती म्हणतो, ‘बाई, टाकव्याची गुरं आता काय फिनेलनं आंगूळ करत्यात का काय?’ करू देत! दिवसभर मशीन चालू आहे. त्या खडखडाटाइतकं गोड मला सध्या काही लागत नाही.

९ मार्च
टाकव्याला गेले होते, कौतुक ऐकायला. गोठ्यामागून फिनेलचा ओहोळ वाहतोय! आणलं की बायका ओतून मोकळ्या. घराघरात कोनाड्यात आमच्या बाटल्या – रॉकेलने भरलेल्या. मी तणतणत मुक्ताबाईच्या घरात शिरले. भिमा जमिनीवर बसलेला, मांडीत रॉकेलची भरली बाटली, टोपण दातांनी कुरतडत होता. मी ओरडून धावले. मुक्ताबाई चुलीपासून उठलीसुद्धा नाही. ‘खेळू द्या वो ताई. त्याच्यानं न्हाई उघडत ती.’

मशीन बंद केलं. उद्या टाकव्याला बाटल्या रिकाम्या पाठवायच्या.