चोवीस ताकदीची पुजारीण

१ नोव्हेंबर, शनिवार
छावणीतल्या तनुजामॅडमकडं आजपासून स्वयंपाकाला लागले. राहायला खोली, खिडकीत ऊन, मिक्सर नवाकोरा. बेस काम हाय! लेक निशा म्हणाली, आई, रोज चार ओळी लिव्ह, नायतर चौथीतलं सगळं इसरशील. म्हणून ही वही.

२ नोव्हेंबर, रविवार
दुपारी मॅडमचा भाऊ विश्वजीत आन् मैत्रीण सदफ आले. टेबलावर नकाशा, वीस बाजूंचे फासे. एकेकानं सोंग घ्यायचं, कागदावर त्याचं नाव, ताकद लिव्हायची आन् राक्षस मारत बसायचं. एवढाली घोडी, कामधंदे नायत का? यांना जखमा बऱ्या करणारी पुजारीण कमी पडत व्हती. क्लेरिक म्हणत्यात. सदफ म्हणाली, बैठो ना खाला — मावशीला ती खाला म्हणती — नुसता फासा टाकायचाय. ती झाली परी, विश्वजीत बुटका. मला ईचारलं तर म्हणलं, मी माणूसच बरी. लई हसले. सोंगाला खोटं नाव देत्यात, मला काय ठावं? मी आपलं सोताचंच लिव्हलं, चतुराबाई. ताकद चोवीस.

९ नोव्हेंबर, रविवार
खेळात बुटक्याचा गुडघा फुटला. मी फासा टाकून बरा केला. विश्वजीत खराच लंगडत आला व्हता, जाताना जिना पळत उतरला. माझ्या कागदावर चोवीसचे सोळा झाले. मॅडम म्हणाली, तसा नियमच आहे मावशी.

१० नोव्हेंबर
गुडघा टम्म सुजलाय. फरशी पुसून झालं असंल.

१६ नोव्हेंबर, रविवार
सदफची दाढ ठणकत व्हती. खेळात नेमका परीच्या जबड्यात बाण. मी नगं म्हणलं. मॅडमनं फासा माझ्या मुठीत कोंबला. टाकला फासा. सदफ पापड चावत घरी गेली. ताकद सात. रातच्याला भाकर खाताना माझी दाढ हातात आली.

१९ नोव्हेंबर
मॅडम भांडी घासू देत नाय. दूध देती, झोप लागली का ईचारती. एवढी माया कशापायी? फोनवर विश्वजीतला सांगत व्हती, रविवारी अण्णांना घेऊन ये. अण्णा म्हंजे त्यांचे वडील, दोन वर्सं अंथरुणाला खिळलेत. ते बरे झाले तर सातातलं माझं काय उरंल?

२२ नोव्हेंबर
मॅडमच्या कपाटात माझ्या सोंगाचा कागद घावला. फाडाया गेले तर छातीत कळ. मग रबरानं नाव तेवढं खोडलं. आता माझा काय संबंध!

२३ नोव्हेंबर
अण्णांना खुर्चीत बसवलंय. मॅडमनं कागद बघितला — चिडली नाय. पेन्सील उचलून म्हणाली, नाव सांगा मावशी, मी लिहिते.

सांगणारच नव्हते. पण मनात म्हणून बघितलं — माझंच नाव आठवंना.

स्वयंपाकघरात आले, कडी लावली. निशाला फोन केला. पोरी, माझं नाव काय गं? ती हसली, आई, येडी झाली का, म्हणाली. मग सांगितलं. तीनदा. नावापाशी आली की नुसता तिचा आवाज बंद व्हतो —

भाईर फासा पडला. माझ्याबिगर.

खुर्ची सरकली. कोणतरी चालतंय, सावकाश — सदफ टाळ्या वाजवतीय —

पाय गेले. खाली बसून लिव्हतीय. आता बोटं पण —

अण्णा दाराशी हायेत. म्हणतायत, बाई, उघडा, तुमच्या पाया पड