शेवाळ्याची शेवटची दोन पानं

आई,

बाबा गेले. आज पंधरावा दिवस. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि तुला कळवायचं राहिलंय असं उगाच वाटत राहिलं, म्हणून लिहायला बसले. रडू येत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. कालपासून विजय नगरला ऑफिसात जातेय, मीटिंगमध्ये बोलतेय, डबा खातेय. सगळे म्हणतात, दीदी बहुत स्ट्राँग हैं. कशाचं डोंबलाचं स्ट्राँग! दाढ काढताना सुई टोचली की गाल कसा होतो, तशी झालेय मी. आपलाच गाल, पण हात लावला तर कळत नाही.

तेराव्याला बाबांचा फोटो हवा होता, म्हणून माळ्यावरची पेटी काढली. फोटोच्या खाली शेवाळ्या निघाला. तू त्याला टाकलं नव्हतंस तर! बडा गणपतीजवळच्या घरी रस्त्याकडच्या खोलीत तू कॉमिक्स भाड्याने द्यायचीस, दोरीला चिमटे लावून टांगलेली असायची, आठवतं ना. भूतप्रेत, डाकू, सगळं होतं, पण मला फक्त शेवाळ्या हवा असायचा. हिंदी कॉमिक्समध्ये त्याचं नाव चांगलं भारदस्त होतं, शेवाळ्या हे आपण दोघींनी ठेवलेलं. जंगलातला गार्ड, लाकूडचोरांनी दलदलीत ढकललेला, आणि महिन्याभराने वर आला तो झाडपाल्याचा होऊन. नसांच्या जागी मुळं, खांद्यावर जलकुंभीची पानं-फुलं, तोंडाच्या जागी नुसता चिखल आणि वेली. चोरांना वेलींनी आवळायचा आणि गावाला वाचवायचा, आणि गाव त्यालाच बघून पळायचं. मला त्याची भीती कधीच वाटली नाही. उशीखाली घेऊन झोपायची मी त्याला.

मग सांवेर रोडच्या कारखान्यात बाबांच्या तोंडावर बॉयलरची वाफ आली, सगळा चेहरा भाजला. मी नऊ वर्षांची. तीन महिन्यांनी ते दवाखान्यातून घरी आले, आणि मी दारातूनच परत फिरले. आतल्या खोलीत जायचं नाव नाही. जेवण बाहेर, अभ्यास बाहेर, झोप बाहेरच कॉमिक्सच्या दोरीखाली. बाबा आतून हाक मारायचे, आवाजही बदललेला, फाटका, आणि मी कानांवर हात ठेवायची. एक दिवस तुझा संयम सुटला. माझ्या हातातून शेवाळ्या ओढून घेतलास आणि म्हणालीस, “ह्या कागदावरच्या पाल्याला कवटाळून झोपतेस, आणि सख्ख्या बापाकडे बघवत नाही तुला? काय करावं ह्या पोरीचं, अं?” मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून मागच्या गल्लीने येतेय. तू न्हाणीघरापाशी बंबासमोर बसलेली आहेस. मांडीवर शेवाळ्याचा नवा अंक, तो आपल्या घरी मुलीकडे परततो तो, आणि त्याची शेवटची दोन पानं हळूच फाडून तू बंबात घालते आहेस. मी भिंतीआड थांबले. संध्याकाळी मला म्हणालीस, “बघ ना, कुणी मेल्याने पानं फाडून नेली. मी एका गिऱ्हाइकाला विचारून शेवट लिहून ठेवलाय, वाच.” वहीचं पान, सुईदोऱ्याने शिवलेलं. चित्रही तूच काढलं होतंस. तुझा शेवाळ्या कोथिंबिरीच्या जुडीसारखा दिसत होता, आणि त्याची मुलगी हळदीकुंकवाच्या रांगोळीतल्या बाहुलीसारखी. तुझ्या गोष्टीत तो आपल्या घराच्या दाराशी येतो, मुलगी दार उघडते, क्षणभर बघते आणि म्हणते, “पापा, अंदर आओ, चाय ठंडी हो रही है.”

आई, तो अंक आला त्याच दिवशी मी वाचला होता. तू नव्या अंकांचा पुडा सोडून दोरीला लावत होतीस तेव्हा, कोपऱ्यात बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खऱ्या पानांत मुलगी किंचाळते आणि त्याच्यावर कंदील फेकते. तो खांद्यावरचं एक फूल काढून उंबऱ्यावर ठेवतो आणि दलदलीत परत जातो. शेवटच्या चित्रात नुसते बुडबुडे होते.

हे मी तुला बोलले नाही. तू चहा टाकलास, कप माझ्या हातात दिलास, आणि आतल्या खोलीच्या दारातून बाजूला झालीस. मी आत गेले ते तुझ्यासाठी गेले गं, बाबांसाठी नाही. कपाकडे बघत गेले, बशीत एक थेंब सांडला होता त्याच्याकडे बघत म्हणाले, “बाबा, चहा गार होतोय.” त्यांनी काहीतरी आवाज केला. हसले असतील. तू दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होतीस, आणि रात्री शिरा केलास, वर केळं घालून. तुझा शेवट खरा झाला असं समजून तू जगलीस, आणि मी बारावीत असताना तेच समजून गेलीस.

पण आई, मी पुढे कधी कपाच्या वर बघायलाच शिकले नाही. सकाळचा चहा, संध्याकाळचा चहा, औषधं, बँकेची कामं, त्यांचे डोळे तपासायला नेणं, सगळं केलं. लग्न केलं नाही, त्यांना सोडून कुठे गेले नाही. कॉलनीत माझं उदाहरण देतात. मी त्यांच्या शर्टाच्या वरच्या बटणाशी बोलायची. मलम तू लावायचीस, तू गेल्यावर ते स्वतःच आरशात बघून लावायचे, मी बाहेर पेपर चाळत बसायची. त्यांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. एकदाही “इकडे बघ” म्हणाले नाहीत. गुरुजी म्हणाले, मुखदर्शन घ्या, तेव्हा मी वाकून पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच मागे सरकले.

तेराव्याला मी त्यांचा अपघाताआधीचा फोटो फ्रेम करून ठेवला. तेल लावून भांग पाडलेला, स्टुडिओतला. खाली भाड्याने राहणारी वहिनी हार घालायला आली. बारा वर्षं रोज दुपारी ती त्यांच्याशी पत्ते खेळायची, भांडायचीसुद्धा. ती हार हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, “दीदी, ये किनका फोटू रख दिया? ये अपने बाऊजी नी हैं.” मी म्हटलं, हेच आहेत. ती म्हणाली, “नी दीदी, उनका असली वाला लगाओ ना.” मी मोबाइल उघडला. त्यांचे हात आहेत, पाठ आहे, खुर्चीत बसलेले गुडघे आहेत. चेहरा एकाही फोटोत नाही. सगळे मीच काढलेले.

हे पत्र त्याच पेटीत ठेवेन, पाठवायचं तरी कुठे. एवढंच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. त्यांचा एक डोळा अर्धवट मिटलेला असायचा. डावा की उजवा, मला आठवत नाही. वहिनीला माहीत असेल. दोनदा जिना उतरून गेले, आणि न विचारताच वर आले.