शेवटची मोकळी पट्टी

३ फेब्रुवारी
संपादक-मित्राने विशेषांकात माझ्यासाठी चार पानं ठेवली आहेत. दोनदा मी कथा दिली नाही. या वेळी चुकलास तर पुन्हा मागणार नाही, म्हणाला. बघतोच. कॉलेजपासून माझं एकच बिनसतं: बघता बघता विचार करतो आणि दोन्ही अर्धवट राहतं. आता शिस्त. सकाळी अकरापर्यंत फक्त निरीक्षण. दुपारी तीननंतर फक्त चिंतन. भेसळ बंद.

४ फेब्रुवारी, स. ९.४०
विषय खिडकीखालीच आहे. समोरच्या फुटपाथवर वेताच्या खुर्च्या विणणारा बसतो. बायको म्हणाली, खाली जाऊन बोला की, तो काय चावतो? बोललं की निरीक्षण गढूळ होतं, हे हिला कोण सांगणार.

७ फेब्रुवारी
सापडलं! प्रत्येक खुर्चीची शेवटची पट्टी तो मोकळी सोडतो. चारही खुर्च्यांची. लगेच एक विचार आला. अकरा वाजले नव्हते, परतवून लावला.
दु. ३.०० पडदा ओढून चिंतन. ३.१५ ते ५.१० डोळे मिटून.

११ फेब्रुवारी
'पूर्णत्वाला नकार देणारा कारागीर.' हाताने लिहिलेली आठ पानं झाली. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्याच लेखनाने यावं का? प्रामाणिकपणे तपासलं. पाणी खरं होतं.
मेहुणी म्हणाली, भावजी, त्याला कंटाळा येत असेल हो! काहींचं मन वर उठतच नाही.

१४ फेब्रुवारी
कथा पाठवली. संध्याकाळी फोन. आवडली! फक्त म्हणाला, लेका, तो पट्टी खरंच मोकळी सोडतो ना? उद्या सहापर्यंत विचारून सांग, मग छपाईला देतो.
अविश्वासाचा राग आला. तरी विचारेन.

१५ फेब्रुवारी, दु. ४.१५
प्रथमच दुपारी खाली गेलो. तो म्हणाला, खुर्च्यांचे मालक लोक पाचला ऑफिसातून येतात साहेब. एकदा बसवून बघतो, सैल लागलं तर ओढतो, मग पट्टी बांधून टाकतो.
पाचला. तेव्हा माझा पडदा ओढलेला.
माघार नाही. चिंतन बरोबरच आहे, वस्तुस्थिती थोडी कमी पडते आहे. आमची वेताची खुर्ची खाली नेली. शेवटची पट्टी सोडवून घेतली, म्हटलं, ही कायम अशीच राहू दे. तो म्हणाला, धडधाकट खुर्ची कशाला बिघडवता? पण सोडवली. खुर्ची तिथेच ठेवून वर आलो. आता एक तरी खुर्ची खरी आहे. एवढ्यावर 'हो' सांगणं खोटं ठरेल का? मला वाटतं, काठावर बसतं.

५.४०
भाजी घेऊन येताना बायकोला आपली खुर्ची फुटपाथवर दिसली. टेकली. त्याने विचारलं, ठीक आहे ना वहिनी? ही म्हणाली, जरा घट्ट करा. त्याने केली. बांधली.

६.००
संपादकाला खरं ते सांगितलं. चार पानं पंख्याच्या जाहिरातीला गेली.
बायको विचारते आहे, खुर्ची वर कोण आणणार?