माहेरची काडी

१० नोव्हेंबर
आले एकदाची सासरी. बका खोऱ्यातली थंडी आमच्या किनाऱ्यावर नसते, पण शेगडीशी नवरा, तानियूस, शेजारी असला की मला चालतं. सासऱ्यांनी दारातच अरकचा, म्हणजे बडीशेपेच्या वासाच्या दारूचा, पेला हाती दिला. मग रीतीप्रमाणे माहेरून आणलेली द्राक्षाची काडी मी अंगणात लावली. मळ्यातल्या बाकी साऱ्या वेली कलमी. सुनेची मात्र स्वतःच्या मुळावर वाढते. विदाद, तिच्यावर दुसरी काडी चढवायची नाही, असं सासऱ्यांनी बजावलं. वेल फळली की सून घरची, तोवर पाहुणी. शेजारीच थोरल्या जाऊबाईंची, लूरीसची वेल, गच्चीला टेकलेली. लूरीस गोड आहे. जरा जास्तच.

२ फेब्रुवारी
वाईन चाखायची लूरीसने. तळघराची किल्ली लूरीसच्या कमरेला. तानियूससुद्धा जेवताना म्हणतो, किब्बे, खिम्याचे गोळे, वहिनीसारखे नाही झाले. मी म्हटलं, मग तिच्याच हातचं खायचं होतं, मला कशाला आणलंस? सगळे हसले. तीही हसली, गालाला खळी पाडून. त्या खळीचा मला राग येतो. आज तिच्या वेलीची छाटणी झाली. त्यातली एक काडी मी ओल्या वाळूत लपवली. कशाला, ते अजून ठरवलं नाही.

२० एप्रिल
माझ्या वेलीला दोन पानं आली आणि ती तिथेच बसली. लूरीसने सगळ्यांदेखत तिला पाणी घातलं आणि म्हणाली, बिचारी. बिचारी कोण, वेल की मी? दुपारी घर झोपल्यावर मी माझी वेल बुंध्याशी कापली, चीर देऊन लूरीसची वाळूतली काडी बसवली, चिंधीने बांधली आणि वर माती ओढली. चढू दे माझीही गच्चीपर्यंत.

८ जुलै
गच्चीवर पोचली, घडही धरले. पहिल्याच वर्षी असं कधी झालं नाही, असं म्हणत सासऱ्यांनी तळघराची किल्ली मला दिली. आता घरची झालीस, म्हणाले. किब्बेही जमले, तानियूसने बोटं चाटली. लूरीसचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. अगं बाई, किती बरं वाटलं.

१ ऑगस्ट
तानियूसने मला लूरीस म्हणून हाक मारली. चुकून, असं वाटलं. मग सासऱ्यांनीही. मग लूरीस स्वतः आली, माझ्याकडे बघत राहिली आणि खोलीत जाऊन कडी लावून बसली. आरशात पाहिलं — माझ्या गालाला खळी आहे.

१९ ऑगस्ट
घरात दोन लूरीस. कुणाला खटकत नाही. तानियूसला विचारलं, विदाद कुठाय? तो म्हणाला, कोण विदाद? माझ्या तोंडून आवाजही तिचाच येतो. माझं उरलंय ते मातीखाली —

२७ ऑगस्ट
कलमाच्या जोडाखालून कोंब फुटला. पानं माझी, माहेरची. आज माझा आवाज आला, थोडासाच. विदाद, विदाद म्हणत अंगणात बसले. लूरीसने ऐकलं —

२८ ऑगस्ट
तिने सासऱ्यांना सांगितलं. खिडकीतून दिसतंय, ते सुरी घेऊन वेलीशी बसलेत. रागावले नाहीत. कलम धरलंय ते छान, म्हणाले, खालची फूट तेवढी काढायची, ती चांगल्या वेलीचं खाते. लूरीस बोटाने कोंब दाखवतेय. मी ओरडतेय, पण तिच्याच आवाजात. सुरी कोंबाला टेकली तशी माझ्या घोट्याला गार लागलं — तानियूस, ती फूट मी आहे, मी वि