सर, गाडीत शस्त्र आहे!

चोआ चू कांग, सिंगापूर, रविवार

संग्रामदादा,

टेक्सासमध्ये तू गाडीत परवान्याचं पिस्तूल ठेवतोस, यावरून भांडून मी वर्षभर तुझ्याशी बोलले नाही. आता ऐक. काल इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी मी डिकीत दांडपट्टा घेऊन निघाले होते, तोही रीतसर परवान्यासकट. बिशानजवळ ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं. आठवलं ते तुझंच प्रवचन: "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, शस्त्राचं आधी सांग, विचारल्याशिवाय कागद काढू नकोस."

मी ओरडलेच, "सर, गाडीत शस्त्र आहे! परवाना पर्समध्ये आहे. काढू का?"

बिचारा दोन पावलं मागे सरकला. मग त्याने परवाना तीनदा वाचला, डिकी उघडून पाहिली आणि इथल्या लकबीत म्हणाला, "मॅडम, तुमचा पदर दारात अडकून बाहेर फडफडतोय. तेवढंच सांगायचं होतं, लाह."

तो गेल्यावर मी खूप हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. पाच मिनिटांत माझे हात गार पडले होते. तुला तिथे पोलिसांनी थांबवलं की दरवेळी असंच होत असेल, हे मी कधी विचारलंच नाही.

हे पत्र पाठवलं तर तू जन्मभर चिडवशील. त्यापेक्षा आज फोन करते आणि एवढंच विचारते, दादा, तू नीट आहेस ना?

तुझी हट्टी,
वल्लरी