स्टिअरिंगवरचा गमछा

उज्जैन, भाऊबीज, १९५६

चि. दिगू,

आधी चांगलं सांगते. तुझ्या जिजाजींचा पाय वाचला. लंगडतील, पण चालतील.

देवास गेटच्या अड्ड्यावर लोक म्हणतात, "ड्राइवर भाग गया." मी भांडले त्यांच्याशी. बसखाली धुवायला शिरताना हे आपला गमछा स्टिअरिंगला बांधतात आणि तो असेपर्यंत गाडी हलवायची नाही, हे तू कायम पाळलंस. पण दसऱ्याचा हार त्या ओल्या, मळक्या गमछ्यावर कसा घालायचा, म्हणून तू तो सोडलास. धुणं उरकलं असेल असं तुला वाटलं. मग चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायला गाडी जराशी पुढे घेतलीस. हे मागच्या चाकाचा चिखल काढत होते.

त्याचा राग नाही रे. यांना दवाखान्यात पोचवून तू दारातूनच निघून गेलास, त्याचा आहे. एकदा यांच्यासमोर उभा तरी राहायचंस!

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? याच आठवड्यात आपलं मध्यभारतही जाऊन मध्य प्रदेश झाला. त्याचाही पत्ता बदलला, तुझा तर ठाऊकच नाही.

आज औक्षणासाठी तुझा पाट मांडला होता. दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली आणि मग तो उचलायला गेले. तेवढ्यात हे कुबडी टेकत उठले आणि खांद्यावरचा गमछा त्यांनी त्या पाटावर पसरला.

म्हणाले, "आता हलवायचा नाही."

तुझी,
जयूताई