चौथ्या जागेवरची पितळी कडी

प्रिय बारक्या,

हे पत्र मी बर्फाच्या गाडीवाल्याकडे देणार आहे, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही असं त्याला बजावणार आहे. पाकीट बघून तू हसशील. दोन तासांवर राहणारी बहीण पत्र लिहिते म्हणजे एकतर तिला वेड लागलंय, नाहीतर तिला पुन्हा काहीतरी शिकवायचंय. हस खुशाल, पण उभ्या उभ्या वाचू नकोस. उद्या रविवारी एकटाच खोल पाण्यात जाणार आहेस ना? मग हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते रीळ अंगावरच्या पट्ट्याला अडकवू नकोस. एवढं आधी लिहून टाकलं, आता बाकीचं जरा दमानं सांगते.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, आणि त्यापेक्षा ती जास्त कुरकुरते. कारखान्यात कामाला तोटा नाही. शिवणयंत्रं येतात, पंप येतात, गळाची रिळं आता क्वचित. म्हणून चार महिन्यांपूर्वी तू बाबांचं मोठं रीळ जुन्या टॉवेलात गुंडाळून टेबलावर ठेवलंस तेव्हा मला काय वाटलं ते सांगून कळणार नाही. तू मात्र तोऱ्यात होतास. जमलं तर कर, नाहीतर भंगारात घाल म्हणालास, आणि चहाही न घेता गेलास. बाबा गेल्यावर होडी आणि गळ तुझ्याकडे गेले, हे दुरुस्तीचं टेबल माझ्याकडे राहिलं, आणि तेव्हापासून आपण दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखे वागतोय. रीळ दुरुस्त करून मागितलंस हीच तुझी समेटाची भाषा, हे मला कळलं होतं. मी पण काही न बोलता कामाला लागले.

सहा वर्षं पेटीत पडून त्याची पार दशा झाली होती. खाऱ्या पाण्याचा हिरवा थर स्क्रूच्या खाचांतसुद्धा भरला होता. हँडल फिरत नव्हतं, बाजूच्या काळ्या तबकड्यांना चिरा गेल्या होत्या. दोन दिवस सगळं रॉकेलमध्ये भिजत ठेवलं. मग बाबांनी शिकवलं होतं तसं वर्तमानपत्रावर एकेक भाग काढला त्या क्रमाने मांडत गेले, शेजारी पेन्सिलीने आकडे घालत. ब्रेकच्या चकत्या सगळ्यात शेवटी निघाल्या. तुला माहीत नसेल, तू आतून ते कधी बघितलेलं नाहीस. मोठा मासा ओढायला लागला की दोरी तुटू नये म्हणून रीळ थोडं सुटत राहतं. किती जोर लागल्यावर सुटायचं ते या चकत्या ठरवतात. चामड्याच्या चकत्यांना सात जागा होत्या. चामडं सहाच ठिकाणी होतं. चौथ्या जागेवर बाबांनी पितळेची एक बारीक कडी घातली होती, नुसती जाडी भरून काढायला.

मला वाटलं, चामडं संपलं असेल. म्हाताऱ्याची नजर गेली होती, वेळ मारून नेली असेल. कीव आली मला त्यांची. आणि लिहितेच आता, थोडं बरंही वाटलं. आयुष्यभर ज्यांनी माझ्या कामात खोड काढली, त्यांच्या कामात मला खोड सापडली होती. पण त्या कडीची कड कानशीने घासून अशी गुळगुळीत केली होती की बोटाला लागत नव्हती. वेळ मारून नेणारा माणूस कड घासत बसत नाही. हे दहा वर्षांच्या पोरानेही सांगितलं असतं. मी कडी खणात टाकली आणि पुढे गेले.

मग मी अंगात आल्यासारखं काम केलं. चामड्याच्या जागी कार्बनच्या सात चकत्या, सातच्या सात. झिजलेलं पितळी दातेरी चाक काढून पोलादी बसवलं. लेथवाल्याकडे चार खेपा घालून ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून नवी चौकट कातून घेतली. पट्टा अडकवायचे रिळाच्या माथ्यावरचे दोन कान मऊ पितळेचे होते, वाकलेलेही होते. तिथे पोलादी बसवले. पट्ट्याचा आकडा बाबांनी सुती दोऱ्याने बांधला होता. ते बघून तर मी नाकच मुरडलं, आणि दोऱ्याच्या जागी पोलादी कडी घातली. शेवटी अंगणात दोरी खांबाला वळसा घालून घेतली, मध्ये वजनकाटा लावला, पट्टा स्वतःच्या अंगावर चढवला आणि लेथवाल्याला पलीकडून ओढायला सांगितलं. जुनं रीळ आठ किलोला सुटायचं. आता काटा तेवीसच्या पुढे गेला तरी रीळ सुटेना, आणि मी मात्र घसरत घसरत पायरीपर्यंत गेले. आम्ही दोघं पोट धरून हसलो, बारक्या. पायरी आली म्हणून मी थांबले, एवढंच.

एका मंगळवारी होड्या रंगवणारा रंगारी आला, बाबांचा जुना मित्र. त्याचं रीळ छोटं, पण तेही बाबांनीच बांधलेलं. मी उघडलं. चकत्या काढल्या. चौथ्या जागेवर पितळेची कडी, तशीच घासलेली. मी विचारलं, तर तो म्हणाला, हा तुझ्या बापाचा नियम, एकट्याने जाणाऱ्या माणसाचं रीळ कधी पुऱ्या ताकदीचं बांधायचं नाही. मग त्याने मला जे सांगितलं ते आईलाही माहीत नसेल. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. बाबांच्या कमरेवर आणि दोन्ही खांद्यांवर हाताएवढे काळेनिळे पट्टे उठले होते, आई आठवडाभर मलम चोळत होती, आणि बाबांनी आपल्याला सांगितलं होतं की शिडीवरून पडलो. शिडीबिडी काही नव्हती. दीपगृहाच्या पलीकडे माशाने त्यांना पट्ट्यासकट होडीतून ओढून नेलं होतं. रीळ सुटत नव्हतं आणि पट्टा निघत नव्हता. कुठली तरी जुनी गाठ तुटली म्हणून ते वर आले. जवळच्याच होडीतून रंगाऱ्याने त्यांना पाण्यातून काढलं तेव्हा त्यांना आपलं नावसुद्धा सांगता येत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी रीळ पुन्हा बांधलं. चकती एक कमी, म्हणजे रीळ लवकर सुटावं. ते नाही सुटलं तर पितळी कान वाकून उघडावेत. तेही नाही झालं तर सुती दोरा तुटावा, आणि मासा गळ, रीळ सगळं घेऊन जावा, माणूस होडीत राहावा. चाळीस वर्षं एकट्याने समुद्रावर काढलेला माणूस अंथरुणात गेला, केवढं नशीब, असं आपण तेराव्याला म्हणत होतो ना? ते नशीब नव्हतं. ते मी खणात टाकलं होतं, बाकीचं भंगारात. सुटकेच्या तीन वाटा होत्या आणि तिन्ही मी माझ्या हाताने, मोठ्या हौसेने बंद केल्या. आता त्या रिळात काहीच कच्चं नाही. कच्चा फक्त तू आहेस.

म्हणून नीट ऐक. पट्टा वापरू नकोस, अजिबात. गळाची काठी होडीच्या खाचेत ठेव आणि हातानेच खेळव. हँडलजवळची चांदणी, ब्रेक आवळायचं ते चाक, अर्ध्याच्या पुढे आवळू नकोस. सुरी खिशात नको, गळ्यात अडकव, आणि वेळ आली तर दोरी कापून टाक; मासा मोठा होता म्हणून जन्मभर सांगत बस, मी दर वेळी ऐकेन. सोमवारी रीळ घेऊन ये, मी दोन तासांत सगळं पहिल्यासारखं करून देते. तू म्हणशील, एवढं फोनवर सांगता आलं असतं. मी तुला या आठवड्यात दोनदा फोन केला, आठवतंय? दोन्ही वेळा वाऱ्याबद्दल बोलले, तुझ्या पोरीच्या शाळेबद्दल विचारलं आणि ठेवून दिला. नुसतं पट्टा लावू नको म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस, आणि त्या प्रश्नापाशीच माझी वाचा बसत होती.

का ते आता सांगते. रंगारी आला तो मंगळवार तू रीळ नेल्यानंतरचा नव्हता. आधीचा होता, तीन दिवस आधीचा. मला सगळं माहीत होतं. कडी बसवायला अर्धा तास लागला असता आणि माझ्याकडे तीन दिवस होते. आज बसवू, उद्या बसवू करता करता गेल्या आठवड्याचा शुक्रवार उजाडला आणि तू आलास. हँडल फिरवलंस, डोळे मिटून आवाज ऐकलास, चांदणी आवळून दोरी ओढलीस आणि ती तसूभरही हलली नाही. तेव्हा तू म्हणालास, ताई, हे बाबांनासुद्धा जमलं नसतं. बारक्या, पंचवीस वर्षं मी या टेबलाशी बसले आहे आणि हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर तुला ते परत घ्यावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले, आणि पट्टा माझ्या हाताने तुझ्या खांद्यावर चढवून बघितला. मला माफ कर असं लिहीत नाही, ते तू समोर आलास की बोलू. गाडीवाला दारात उभा आहे. पाकीट मागतोय आणि म्हणतोय की सकाळी बर्फ उतरवला तेव्हा तुझी होडी धक्क्यावर नव्हती. डिझेल भरायला गेली असेल, म्हणतोय. मी त्याला तीनदा विचारलं आणि कॅलेंडर दोनदा बघितलं. आज शनिवारच आहे. तुझा फोन लागत नाही. मीच आता गाडीत बसून येते आहे. पत्र बरोबर आणते, कारण तू समोर दिसलास तर मला हे बोलता येणार नाही.

तुझीच,
ताई